चारापिकाचा वाण सगळीकडे सारखाच टिकतो का? पहिल्यांदा तपासणाऱ्यांसाठी

दाण्याच्या पिकाचं एक बरं असतं. एका हंगामात जास्त पिकलं तर पोती भरून ठेवता येतात. हिरव्या चाऱ्याला ती सोय नाही. जनावर रोज खातं. या पंधरवड्यात गव्हाणीत मावेनासा झालेला चारा पुढच्या महिन्यातली तूट भरून काढत नाही. मुरघास केला तर थोडीफार, एवढंच. म्हणून चाऱ्याच्या वाणाला ‘सरासरी किती देतोस’ हे विचारण्याआधी ‘वाईट दिवसांत किती देतोस’ हे विचारावं. उत्पादनाच्या स्थैर्याचा अभ्यास याच दुसऱ्या प्रश्नासाठी करायचा, असं मी मानतो. तो नव्यानं हाती घेणाऱ्यांना, म्हणजे विद्यार्थ्यांना, बियाण्याच्या कामात नुकत्याच आलेल्यांना किंवा चार शेतांवर मिळून चाचणी घेऊ पाहणाऱ्या गटांना, कामाच्या क्रमानं पुढचं सांगतो आहे.

१. ‘स्थिर’ म्हणजे काय, हे आधी ठरवा

इथंच पहिला गोंधळ होतो. ‘स्थिर वाण’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पहिला शब्दशः: जमीन हलकी असो की भारी, पाऊस पडो न पडो, वाण तेवढंच देतो. दुसऱ्या अर्थानं, चांगल्या जागी सगळे वाण जितके वाढतात तितकाच हाही वाढतो, वाईट जागी सगळे जितके घटतात तितकाच घटतो, अचानक दगा देत नाही. बेकर आणि लिऑन यांनी १९८८ मध्ये या विषयाचा आढावा घेताना हे दोन अर्थ स्थितिक आणि गतिक अशा नावांनी वेगळे मांडले.

मोजमापाची सूत्रं या दोन अर्थांप्रमाणे बदलतात. पहिल्या अर्थानं उत्तम ठरलेला वाण दुसऱ्या अर्थानं नापास होऊ शकतो. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: हा वाण कुणासाठी निवडायचा आहे? ज्याच्याकडे पाणी आणि खत हमखास आहे त्याच्यासाठी, की ज्याच्याकडे पावसाशिवाय काही नाही त्याच्यासाठी? आकडे हाती आल्यावर हे ठरवायला बसलात, तर आवडत्या वाणाला जे सूत्र सोयीचं तेच मन निवडतं.

२. वातावरणं निवडा

या कामात ‘वातावरण’ म्हणजे एक ठिकाण आणि एक हंगाम यांची जोडी. तीन ठिकाणी दोन वर्षं चाचणी घेतली की सहा वातावरणं झाली.

ॲलार्ड आणि ब्रॅडशॉ यांनी १९६४ मध्ये केलेला एक भेद इथं फार कामाला येतो. काही फरक आधीपासून माहीत असतात: जमिनीचा पोत, दिवसाची लांबी, पाण्याची सोय, पेरणीची तारीख. काही माहीत नसतात: यंदाचा पाऊस, अवेळी आलेली थंडी, मधेच पडलेली कीड. पहिल्या प्रकारच्या फरकांवर उपाय आहे, चोपण जमिनीला वेगळा वाण सुचवता येतो. पुढच्या वर्षीच्या पावसासाठी मात्र यंदा वाण सुचवता येत नाही. तिथं स्थैर्यच हवं. त्यामुळे एकाच वर्षी दहा ठिकाणं घेऊन भागत नाही, वर्षंही हवीत. दोन वर्षं हा माझ्या मते तळ आहे, तीन घेतलीत तर रात्री झोप लागेल.

ठिकाणं निवडताना मोह आवरायचा तो सोयीच्या जागांचा. रस्त्याला लागून, विहिरीजवळची, सपाट जमीन सगळ्यांनाच आवडते. अशी सहा ठिकाणं घेतलीत तर कागदावर सहा दिसतात, पिकाच्या लेखी ते एकच वातावरण असतं. निदान एक जागा अशी घ्या, जिथं पीक रडतखडत येतं. तिथल्या आकड्यांत चूकभूल जास्त असेल, पण वाणाचा खरा स्वभाव तिथंच कळतो.

३. वाण आणि बियाणं

तुलनेसाठी आधीपासून लागवडीत असलेला, सगळ्यांना ठाऊक असलेला एक वाण प्रत्येक ठिकाणी असायलाच हवा. सगळ्या ठिकाणी बियाणं एकाच लॉटचं पाठवा. उगवणशक्ती तपासून बियाण्याचं प्रमाण त्या हिशेबानं ठरवा, नाहीतर जुन्या बियाण्याचा विरळ प्लॉट वाणाच्या माथी बसतो.

वाण आनुवंशिकदृष्ट्या काय आहे, हेही बघा. बाजरी-नेपिअरचा संकर वांझ असतो, तो कांड्यांनी किंवा ठोंबांनी लावतात, म्हणजे शेतातलं प्रत्येक झाड एकमेकाची हुबेहूब प्रत. संकरित चारा ज्वारीची झाडंही जवळपास सारखी. लसूणघासाचं तसं नाही. ते परपरागित पीक, त्याचा वाण म्हणजे एकमेकांसारख्या पण एकसारख्या नसलेल्या झाडांचा मेळावा. ताण आला की त्यातली काही झाडं मागं पडतात, काही त्यांची जागा भरतात. एकजिनसी वाणात सोसायची सगळी ताकद त्या एका झाडाच्या अंगात असावी लागते.

४. कापणी आणि वजन: सगळा खेळ इथं

नवखे लोक गणिताला घाबरतात. माझा अनुभव असा, की गणितानं क्वचितच फसवलं. फसवलं ते काट्यानं आणि पिशवीनं.

हिरव्या चाऱ्यात बहुतांश पाणी असतं, साधारण ७५ ते ८५ टक्के. एका वाणाचा हेक्टरी ४० टन हिरवा चारा आला आणि त्यात शुष्क पदार्थ २० टक्के निघाला, तर जनावराच्या पोटात जाण्याजोगा ऐवज ८ टन. दुसऱ्याचा ३६ टनच आला, पण शुष्क पदार्थ २५ टक्के, तर ९ टन. हिरव्या वजनावर पहिला जिंकतो, सुक्या वजनावर दुसरा. त्यात पाण्याचं हे प्रमाण ठिकाणागणिक, दिवसागणिक, अगदी सकाळ-दुपारही बदलतं. स्थैर्याचा हिशेब शुष्क पदार्थावरच करा. हिरव्या वजनावर केलात तर वाणाच्या नावाखाली दव मोजत बसाल.

माझ्या पहिल्या चाचणीतली गोष्ट. दव असतानाच कापणी सुरू केली, दुसऱ्या गटाचे (सगळे वाण एकेकदा असलेल्या वाफ्यांच्या संचाचे) निम्मे वाफे झाले आणि आम्ही जेवायला गेलो. परत येऊन उरलेले कापले. दुपारनंतरचे सगळे वाण हलके भरले. नमुन्यांचा प्रकार याहून वाईट. ते प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून गाडीत मागं ठेवले होते. संध्याकाळी पिशवीत हात घातला तर आत ऊब, काठाला घाम, आणि आंबूस वास. कापलेला चारा श्वास घेत राहतो आणि स्वतःचाच शुष्क पदार्थ जाळतो. त्या दिवसाचे सगळे आकडे फेकावे लागले.

तेव्हापासून पाळतो ते असं. दव उतरल्यावर सुरुवात. एक गट, म्हणजे एक पुनरावृत्ती, हातात घेतली की संपवूनच उठायचं. थांबायचंच तर दोन गटांच्या मधे. कडेच्या ओळी आधी कापून बाजूला टाकायच्या, कारण कडेच्या झाडाला ऊन-वारा जास्त मिळतो आणि ते फुगलेलं असतं. उरलेला वाफा कापला की तिथंच तोलायचा. त्याच ढिगातून वरचं, मधलं, खालचं असं मिसळून अर्धा किलो कापडी किंवा भोकाच्या कागदी पिशवीत घ्यायचं आणि लगेच तोलून वजन पिशवीवर लिहायचं. मग ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये, लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत. प्रथिनं वगैरे तपासायची असतील तर तापमान याहून वाढवू नका.

कापणीची उंची सगळीकडे एकच ठेवा. लसूणघास जमिनीपासून पाच-सात सेंटिमीटरवर, नेपिअर दहा-पंधरावर, ही सर्वसाधारण रीत. एका ठिकाणचा मजूर खालून विळा चालवतो, दुसऱ्या ठिकाणचा धसकट उंच ठेवतो. फरक त्या कापणीच्या वजनात तर पडतोच, पुढच्या फुटव्यातही पडतो.

आता सगळ्यात अवघड निर्णय: कापायचं कधी? सगळे वाण एकाच दिवशी कापले तर सोयीचं जातं, पण लवकर येणारा वाण फुलोरा ओलांडून राठ झालेला असतो आणि उशिराचा अजून पोटरीत असतो. ज्याला त्याला आपल्या अवस्थेला कापला, म्हणजे समजा ५० टक्के फुलोऱ्यावर, तर तुलना न्याय्य; पण एकाला शेतात ६५ दिवस मिळाले आणि दुसऱ्याला ८०. मी एका कापणीच्या पिकाला अवस्था धरतो आणि उत्पादनासोबत प्रतिदिन उत्पादनही काढतो. अनेक कापण्यांच्या पिकाला एकूण मुदत ठरवून सगळ्यांना सारख्या तारखा देतो. कुणी उलटं करत असेल तर हरकत नाही. पण एका ठिकाणी अवस्था आणि दुसऱ्या ठिकाणी तारीख असं झालं, तर वाण आणि वातावरण यांची म्हणून जी आंतरक्रिया (वातावरण बदललं की वाणांमधला फरकही बदलणं) दिसेल, ती मुळात विळ्याची असेल.

५. एकूण बेरजेच्या आत डोकावा

दोन वाण आहेत. दोघांनी सहा कापण्यांत हेक्टरी १२ टन शुष्क पदार्थ दिला. पहिल्यानं दर खेपेला २ टन. दुसऱ्यानं ३.५, ३, २.५, १.५, १ आणि शेवटी ०.५. बेरीज करून स्थैर्य काढणारा दोघांना एकाच रांगेत बसवतो. गोठा सांभाळणारा बसवणार नाही. दुसरा वाण घेतला तर सुरुवातीला चारा फेकावा लागेल आणि शेवटी वैरण विकत आणावी लागेल.

म्हणून प्रत्येक कापणीचा आकडा वेगळा नोंदवा आणि सगळ्यात कमी कापणी किती, हे एकूण बेरजेशेजारी लिहा. एक पथ्य मात्र पाळा. सहा कापण्या आणि तीन ठिकाणं म्हणून ‘अठरा वातावरणं’ असं धरू नका. एकाच वाफ्यातून लागोपाठ घेतलेल्या कापण्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. पहिल्या कापणीत बुडखे दुखावले तर पुढच्या पाचही तो हिशेब चुकता करतात.

बहुवर्षायू पिकात आणखी एक चकवा आहे. लसूणघासाचा वाफा वयानुसार विरळ होत जातो. तिसऱ्या वर्षी उत्पादन घटलं तर दोष त्या वर्षीच्या हवामानाचा की वाफ्याच्या वयाचा? एकाच वर्षी पेरलेल्या चाचणीतून याचं उत्तर मिळत नाही. जमत असेल तर तीच चाचणी दुसऱ्या वर्षी शेजारी पुन्हा पेरा, म्हणजे एकाच हवामानात दोन वयांचे वाफे समोर राहतील. शिवाय दर हंगामाच्या सुरुवातीला चौरस मीटरमधली जिवंत झाडं मोजा. मधे नांग्या भरू नका. वाण किती टिकतो हेच तर बघायचंय.

६. हातानं एक गणित करून बघा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी हे वहीत एकदा करा. खालचे आकडे समजण्यासाठी बनवलेले आहेत: तीन वाण, चार वातावरणं, शुष्क पदार्थ हेक्टरी टनांत.

| वातावरण | वाण क | वाण ख | वाण ग | सरासरी |
|---|---|---|---|---|
| १ | ५.५ | ८.५ | ७ | ७ |
| २ | ९.५ | ८.५ | ९ | ९ |
| ३ | १२ | ११ | १० | ११ |
| ४ | १५ | ११ | १३ | १३ |
| सरासरी | १०.५ | ९.७५ | ९.७५ | १० |

आधी नुसतं बघा. पहिल्या वातावरणात ख पुढं आहे, दुसऱ्यापासून क. हा क्रम उलटणं सगळ्यात महत्त्वाचं. क्रम न बदलता नुसतं अंतर कमी-जास्त झालं असतं, तर सगळीकडे एकच वाण सुचवून मोकळं होता आलं असतं.

आता उतार, म्हणजे वातावरण एका टनानं सुधारलं की वाण किती टनांनी वाढतो ते. वातावरणाची प्रत मोजायला वेगळं यंत्र नको, तिथल्या सगळ्या वाणांची सरासरीच ती प्रत सांगते. ही कल्पना येट्स आणि कॉक्रन यांनी १९३८ मध्ये मांडली. फिन्ले आणि विल्किन्सन यांनी १९६३ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात सातूच्या २७७ वाणांवर ती वापरली आणि ती रूढ झाली. प्रत्येक वातावरणाच्या सरासरीतून एकूण सरासरी १० वजा करा: −३, −१, १, ३. हा झाला वातावरण निर्देशांक. क चे आकडे या निर्देशांकांनी गुणून बेरीज केली तर ३१ येते. निर्देशांकांच्या वर्गांची बेरीज २०. भागाकार १.५५, हा क चा उतार. याच रीतीनं ख चा ०.५ आणि ग चा ०.९५ येतो.

उतार १ च्या आसपास म्हणजे वाण सगळ्यांच्या चालीनं चालतो. १ पेक्षा बराच जास्त म्हणजे खाऊपिऊ घातलं तर भरभरून देणारा, आबाळ झाली की बसणारा. ०.५ म्हणजे ना फार चढतो ना फार उतरतो. एबरहार्ट आणि रसेल यांनी १९६६ मध्ये यात आणखी एक कसोटी जोडली: या उतारानं जी सरळ रेषा निघते, तिच्यापासून आकडे किती भरकटतात? क चे प्रत्यक्ष आकडे रेषेवरच्या अपेक्षित आकड्यांतून (वाणाची सरासरी अधिक उतार गुणिले निर्देशांक) वजा करा, वर्ग करा, बेरीज ०.४५ येते. ग ची ०.७०, ख ची १.२५. त्यांच्या रीतीत या बेरजेला वातावरणांच्या संख्येतून दोन वजा करून भागतात आणि चाचणीतली प्रायोगिक चूक (एकाच वाणाच्या वाफ्यावाफ्यांत उगाच पडणारा फरक) त्यातून काढून टाकतात. म्हणजे ख चा उतार कमी असला तरी त्याची चाल तितकीशी सरळ नाही.

रिके यांचं १९६२ चं माप, इकोव्हेलन्स, या सगळ्या आंतरक्रियेची एकच बेरीज करतं. ती क ची ६.५, ख ची ६.२५, ग ची ०.७५ येते. यात एक गंमत आहे. या मापाच्या नजरेत क आणि ख जवळपास सारखेच ‘अस्थिर’, आणि कारणं अगदी उलटी! एक जास्त उड्या मारतो म्हणून, दुसरा हलतच नाही म्हणून. कोरडवाहू गोठ्याला ख हवाहवासा वाटेल आणि हे माप त्याला क च्या रांगेत उभा करेल. पहिल्या पायरीवर अर्थ ठरवून घ्या म्हणालो ते यासाठी.

लिन आणि बिन्स यांचं १९८८ चं माप वेगळं विचारतं: त्या त्या वातावरणातल्या अव्वल वाणापासून हा किती मागं राहिला? या फरकांच्या वर्गांची बेरीज वातावरणांच्या दुपटीनं भागायची. जितकं कमी तितकं बरं. क चं १.१३, ग चं १.३१, ख चं २.२५. इथं क पहिला! आकडे तेच, वाण तेच, निकाल तीन तऱ्हेचे.

दोन इशारे. चार बिंदूंमधून रेषा ओढता येते, पण तिच्यावर विसंबता येत नाही. निदान सात-आठ वातावरणं असू द्या. दुसरं, इथं तीनच वाण असल्यानं प्रत्येक वाण आपल्याच मोजपट्टीचा एक तृतीयांश भाग झाला आहे. वाण पंधरा-वीस असले की हा दोष फिका पडतो.

७. मग संगणक

सगळ्या ठिकाणांचे आकडे एकत्र करण्याआधी प्रत्येक ठिकाणचं विचरण विश्लेषण (आकड्यांतला फरक वाणामुळे किती आणि चुकीमुळे किती, याची फोड) वेगळं करा आणि बार्टलेट चाचणीनं बघा, की ठिकाणाठिकाणची प्रायोगिक चूक साधारण सारखी आहे का. एका ठिकाणची फारच मोठी असेल तर तिथं काहीतरी बिनसलंय: रानडुकरं शिरली, पाणी साचलं, पीक लोळलं. वही काढा आणि शोधा.

पुढं ‘ॲमी’ आणि ‘जीजीई बायप्लॉट’ या दोन पद्धती भेटतील. पहिलीत वाण आणि वातावरण यांचा आपापला परिणाम बाजूला काढून उरलेल्या आंतरक्रियेचे प्रमुख घटक, म्हणजे तिच्या मुख्य दिशा, काढतात. दुसरीत फक्त वातावरणाचा परिणाम काढून वाण आणि आंतरक्रिया एकत्र ठेवतात आणि कोणत्या वातावरणात कोण जिंकलं हे चित्रातच दिसतं. ‘आर’ या मोफत प्रणालीतलं ‘मेटान’ पॅकेज दोन्ही करून देतं. चित्र सुंदर येतं, त्यामुळे भुरळ पडते. अक्षांवर लिहिलेली टक्केवारी आधी वाचा. पहिले दोन घटक मिळून निम्मीही आंतरक्रिया सांगत नसतील, तर त्या चित्रातल्या अंतरांवर निर्णय घेऊ नका.

८. शिफारस लिहिताना

वजनासोबत चाऱ्याची प्रतही ठिकाणागणिक हलते. प्रथिनं आणि तंतुमय भाग निदान दोन टोकाच्या वातावरणांत तपासून घ्या. ज्वारीत कोवळ्या फुटव्यात आणि पाण्याचा ताण बसलेल्या पिकात हायड्रोसायनिक आम्लाचा धोका वाढतो. ताणात चांगला टिकलेला वाण म्हणून एखादा नावाजायचा असेल तर आधी हे तपासा.

आणि ‘क वाण सर्वत्र योग्य’ अशी ओळ लिहू नका. आपल्या तक्त्यावरून मी असं लिहीन: ‘पाण्याची हमी असेल तिथं क, हेक्टरी सरासरी १०.५ टन, सगळ्यात कमी ५.५. पावसावरच्या जमिनीला ख, सरासरी ९.७५, सगळ्यात कमी ८.५. जमीन दोन्ही प्रकारची आणि बियाणं एकच ठेवायचं असेल तर ग. सगळ्यात कमी ७.’ आणि खाली ज्या चार वातावरणांतून हे आकडे आले त्यांची जमीन, पाऊस, पेरणीच्या तारखा आणि कापणीची उंची.